आठ नंबरचा फोन

पोरंहो, ज्याच्यावर हे बेतलं त्या सुगतचा बाप अन् मी शाळेत एका बाकावरचे. सुगत अमरावतीत ऑफिसांचे फोन दुरुस्त करतो. मागच्या पौषात, अवसेच्या आदल्या सोमवारी, तो अंजनगाव सुर्जीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजात निघाला.

महिन्यातली तिसरी खेप. साठेक किलोमीटर मोटरसायकल, बोचरी थंडी, अन् तक्रार तीच. तिथल्या ऑफिसात गेटवेची पेटी होती; तिच्यामुळे आठ फोन इंटरनेटच्या लाइनीवर चालत. पेटीत खणासारखी दोन कार्डं सरकवलेली, एकेका कार्डावर चार फोन. त्यातला आठ नंबर मागच्या थंड खोलीतला. तिथून ऑफिसात घंटी येई. उचललं की कोणी बोलत नसे.

सुगतनं दोनदा कार्ड बदललं होतं. खोली उघडा, वायर तपासतो, असं तो दरवेळी म्हणे. मालक उत्तमराव म्हणत, ती तीन वर्षांपासून बंद आहे, तुमचं कार्डच बोगस. आता या माणसाला काय सांगावं? त्यात कामगार घरी जाईपर्यंत फोन बंद करता येत नव्हते. सुगत तासभर ताटकळला, मनातल्या मनात चरफडत.

साडेसातला त्यानं तिसरं कोरं कार्ड बसवलं. हिरवा दिवा लागला.

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर आठ.

सुगतनं दात-ओठ खाल्ले अन् कार्डच उपसून काढलं.

फोन वाजत राहिला.

कार्ड त्याच्या हातात... अन् पडद्यावर आठ.

त्यानं उचललं. आधी काहीच नाही. मग दातावर दात वाजल्याचा आवाज. मग अगदी हळू...

"मालक... दार..."

उत्तमरावांना ते टेबलापलीकडे ऐकू गेलं. त्यांनी मान खाली घातली.

"देवराव हाय," ते म्हणाले. "हमाल होता आमचा. दार आतून उघडत नव्हतं, म्हणून तो फोन बसवला होता. तीन वर्षांमागं तो आत अडकला अन् गारठून गेला; त्या रात्री आठ नंबरचं कार्ड मेलेलं होतं. मले मालूम होतं. मी म्हणलो, पाहू पुढच्या आठवड्यात."

सुगतनं हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. राग कोणावर काढावा, कळेना.

"चावी द्या," तो म्हणाला. "एकदा तरी उघडाले पायजे होतं, काका."

उत्तमराव उठले नाहीत. चावी सरकवली फक्त.

सुगत एकटाच मागे गेला. कुलूप गंजलेलं. दार जड. खांदा लावून ढकललं... उघडलं.

आत अंधार. बॅटरी मारली. थंड करायची मशीन कधीच काढून नेलेली. खोली कोरडी. भिंतीवर फोनही नव्हता, नुसती तुटकी वायर.

कोणी नाही.

तो माघारी वळला. बॅटरीचा उजेड दाराच्या आतल्या बाजूवर पडला.

पत्र्यावर हाताचे पंजे. ओले. एक छातीच्या उंचीवर. एक त्याच्या खाली. मग कमरेपाशी. मग गुडघ्यापाशी...

शेवटचा जमिनीला टेकलेला. त्याच्यातून पाणी अजून ओघळत होतं.