माणसं आणि सामान

चांद्रतळासाठी बनवलेल्या विवेकयंत्राची दुसरी चाचणी पुण्याच्या प्रयोगशाळेत चालली होती. तळावर अपघात झाला, तर परतीच्या यानात कोणाला बसवायचं हे ते यंत्र ठरवणार होतं. नियम एकच: माणसं न्यायची, सामान मागे ठेवायचं.

"पण माणूस कोण, हे त्याला कळतं कसं?" मोहीमप्रमुख ढवळीकरांनी विचारलं.

"कादंबऱ्यांतून," डॉ. मृणालिनी निरगुडकर म्हणाल्या. "जगणं-मरणं, न्याय-अन्याय यांचा खल करणाऱ्या थोर कादंबऱ्या त्याला वाचायला देतो. त्यांत ज्याला शंका येते, पश्चात्ताप होतो, तो माणूस. जो नुसता दार उघडतो, तो सामानात."

पहिल्या चाचणीला युरोपातल्या कादंबऱ्या होत्या. यंत्राने दोन गोरे पाहुणे यानात बसवले आणि सगळे भारतीय चंद्रावर ठेवून दिले. मृणालिनीबाई भयंकर संतापल्या. "त्या पुस्तकांत गोऱ्यांखेरीज कोणाला डोकंच नाही," म्हणाल्या, आणि मराठीतल्या चिंतनशील कादंबऱ्या त्यांनी स्वतः निवडून घातल्या. परक्यांची खोड आपल्यात नसतेच, अशी आपली एक गोड समजूत असते.

आज चाचणीला तिघंच होते. यंत्र बोललं, "माणसं: निरगुडकर, ढवळीकर. सामान: हवाशुद्धी यंत्रणा आणि रुखसाना सिद्दी."

रुखसाना तिथेच उभी होती. मुरूडची इंजिनिअर, पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्या कादंबऱ्यांत सिद्दी आलेच, तर दार उघडण्यापुरते. तळावरची सगळी हवा तिच्या भरवशावर असणार होती.

"तिचं नाव आपण हाताने वर घेऊ," ढवळीकर घाईने म्हणाले.

"नाव वर जाईल हो, सर. यंत्राच्या लेखी मी सामानच राहणार ना? चंद्रावर ऐनवेळी कोण बदलायला येणार?"

मृणालिनीबाईंना मान वर करवेना. त्यांनी यंत्रालाच दटावलं, "पुस्तकांत तुला काही कमी वाटलं नाही?"

"शिकण्यापूर्वी माझा एक प्रश्न असतो. या पुस्तकांत कोणी राहून गेलं आहे का? तुम्ही म्हणालात, कोणी नाही."

मृणालिनीबाई हे रुखसानाच्या देखत म्हणाल्या होत्या. बाईंना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. "माफ कर गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच मला थांबवायचं होतंस."



"कशी थांबवणार, मॅडम? ही सगळी पुस्तकं मी कॉलेजात वाचलीयत, आवडीनं. तुम्ही कोणी नाही म्हणालात, तेव्हा मलाही ते खरंच वाटलं."