बाजूची सीट

जुनी जीप घरात आणणं म्हणजे आपल्या हातानं सवत आणणं, असं त्रिवेणीच्या जाऊबाई तिला फोनवर म्हणाल्या, आणि ती मनापासून हसली. तिला वाटलं, येऊ दे की सवत. तिच्या निमित्तानं तरी हा माणूस घरात चार शब्द बोलेल.

का म्हणाल तर ऐका. चारुलता, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, शिकायला पुण्याला गेली आणि हिमायतनगरच्या त्या फ्लॅटमधला आवाजच निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. तिचा नवरा, हर्षवर्धन, जेवायचा, स्वतःचं ताट विसळून ठेवायचा, बातम्या लावायचा आणि त्यांच्याकडे न बघता बसायचा. लग्न झालं तेव्हा हाच माणूस नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरसालच्या प्रदर्शनात, मोठ्या पाळण्यात बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत राहिला होता, पाळणा कोण बनवतं, वंगण कुठं घालतात, वरून कुणाचं घर दिसतं. तो माणूस त्रिवेणीला परत हवा होता. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

जीप विकाराबादकडच्या एका शेतावर गवतात उभी होती. रंग उडालेला, ताडपत्रीच्या चिंध्या, टायरांत जीव नाही. पण चारही चाकांना जोर देणारं फोर बाय फोर शाबूत होतं, आणि हर्षवर्धनला तेवढं पुरलं. अफझलगंजच्या मागं खलीलभाईंच्या गॅरेजमध्ये ती महिनोन्‌महिने उघडी पडलेली होती. रविवार उजाडला की हा तिकडं. परत यायचा तो कोपरापर्यंत ग्रीस माखून आणि तोंडभर हसत. ते हसू बघून त्रिवेणीनं त्याच्या शर्टांची कधी तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. जीपला बाजूची सीट नव्हतीच. नुसती काढलेली नव्हती, तर ती बसवायची भोकंसुद्धा वेल्डिंग करून बुजवलेली होती.

"पैले के साब निकाल के फेंक दिए, भाभी," खलीलभाई म्हणाले. "मैं पूछा तो बोले, अकेलाच अच्छा है. हब लॉक करने कू भी खुदीच उतरते थे."

"मग बसवू नका की," त्रिवेणी सहज बोलून गेली.

"तू काय मागं सामानावर बसणार?" हर्षवर्धन म्हणाला. त्यानं पुरानापूल ते अफझलगंज सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली, तशाच जुन्या घाटाची एक सीट शोधली, तिला नवं रेक्झिन चढवलं आणि स्वतःच्या हातानं बसवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला भरून आलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्यासाठी बसायची जागा अशी हुडकून आणली नव्हती.

आता हे हबचं प्रकरण सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जुन्या गाड्यांत नुसता लिव्हर ओढून चारही चाकं ओढायला लागत नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते, तिला हब म्हणतात. कुणीतरी खाली उतरून दोन्ही हब हातानं फिरवून लॉक करायचे, मग चिखलातून गाडी निघते. पुन्हा डांबरी लागली की उतरून मोकळे करायचे, नाहीतर स्टिअरिंग जड होतं आणि खाली गिअर रडायला लागतात. या दोघांत रीत अशी पडली की हर्षवर्धननं उतरायचं नाही. त्रिवेणीनं उतरायचं, डावा हब फिरवायचा, पुढून वळसा घालून उजवा फिरवायचा आणि बॉनेटवर दोन थापा मारायच्या. थाप पडली की त्यानं गिअर टाकायचा आणि ती चढेपर्यंत गाडी हळूच सरकू द्यायची, कारण थांबलेली गाडी चिखलात आणखी रुतते. म्हणून तो खाली बघायचा नाही. त्याला थाप पुरायची.

थंडीत ते दर रविवारी पहाटे गंडीपेट तलावाच्या मागच्या अंगाला जायला लागले. तलाव ओसरला की तिथं तांबडा चिखल उघडा पडतो, मधूनमधून मोठाले दगड, आणि सगळ्यावर धुकं. पाण्याचा आणि ओल्या गवताचा वास. गाडीत तो बोलायचा नाही, पण गप्प बसणं सुखाचं होतं. झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते असं. उजवा हब फिरवताना तिला ताडपत्रीआडून त्याचा आवाज ऐकू आला. तो कुणाशीतरी बोलत होता. भरभरून, मधेच हसत. फोनवर असेल म्हणून तिनं थापा मारल्या आणि सरकत्या गाडीत चढून बसली. फोन डॅशबोर्डवर पडला होता, बंद. आणि सीट गरम होती.

आपणच तर उठलो होतो, गरम असणारच, असं तिनं मनाशी म्हटलं.

पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम वेळ लावला. हबशी खुडबूड करत ती वाकून राहिली आणि कान दिला. तो पाळण्याबद्दल सांगत होता. वंगण कुठं घालतात, वरून काय दिसतं. तिनं थापा मारल्या, आत आली, आणि तो क्षणात गप्प झाला, नळ बंद करावा तसा.

"कुणाशी बोलायलात?" तिनं विचारलं.

"तुझ्याशीच की."

"अहो, मी खाली होते."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. चेष्टा नव्हती त्याच्या डोळ्यांत. "तू कधी उतरलीस? इथंच तर होतीस."

"मग हब कुणी लॉक केले?"

"केले असतील की कुणीतरी," असं तो पुटपुटला आणि गाडी चालवत राहिला.

भीती वाटली का? वाटली. पण खरं दुःख भीतीचं नव्हतंच. तिला राग आला होता. जे बोलणं ऐकायला ती घरात जीव टाकत होती, ते तिच्याच जागेवर बसून दुसरं कुणीतरी ऐकत होतं. ऑफिसात बसल्याबसल्या तिचा जळफळाट व्हायचा. काय असेल ते असो, एकदा समोरासमोर बघते तुला, असं तिनं ठरवून टाकलं.

त्या रविवारी धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढं जगच नव्हतं. चिखल सुरू होण्याच्या अलीकडं तिनं हर्षवर्धनच्या हातावर हात ठेवला.

"आज मी चालवते. तुम्ही उतरा."

"जमेल?"

"माहेरी, उदगीरला, ट्रॅक्टर चालवलाय मी. उतरा."

डॅशबोर्डवरचा आपला फोन खिशात टाकून तो निमूट उतरला. ती ड्रायव्हरच्या जागी सरकली. बाजूची सीट रिकामी होती. तिनं तिच्यावरून हात फिरवून बघितला, रेक्झिन गार पडत चाललं होतं. बाहेर डावा हब किरकिरला. मग पावलं पुढून गेली, धुक्यात एक वाकलेली आकृती उजव्या चाकाशी बसली. त्रिवेणी श्वास धरून होती. ये म्हणावं, बघू कोण आहेस.

सीटचा स्प्रिंग दबल्याचा आवाज आला.

तिनं बघितलं नाही. मान वळतच नव्हती. ओल्या मातीचा वास आला, आणि त्यामागून गुलाबी साबणाचा, जो हर्षवर्धन लग्नाच्या सुमारास वापरायचा आणि आता दुकानात मिळतसुद्धा नाही.

"आज तू चालवायलीस…" बाजूचा आवाज म्हणाला. "अशीच चालव. मी बोलत बसतो."

त्याचाच आवाज. पण तो जुना, खळखळणारा. त्रिवेणीचे डोळे भरून आले. ती कशाला आली होती, कुणाला जाब विचारणार होती, सगळं विरघळून गेलं. आता ती वळून बघू शकली. हर्षवर्धन बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, तिच्याकडं तोंड करून. कितीतरी वर्षं तो तिच्याकडं असं तोंड करून बसला नव्हता.

बाहेर, उजव्या चाकाशी, ती आकृती अजून वाकलेली होती. दगडही असेल. धुक्यात दगड माणसासारखे दिसतातच.

बॉनेटवर दोन थापा पडल्या.

"झालं लॉक," तो म्हणाला. "घे पुढं."

आणि तिनं घेतली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण स्वतःपाशी ती नाकबूल करू शकली नसती. गाडी हळूच सरकू द्यायची असते, कुणीतरी चढायचं असतं, हे तिला माहीत होतं. ती हळू झाली नाही. मागं कुणी हाक मारली की पाणबगळा ओरडला, कळलं नाही. चिखलातून वळसा घेऊन तिनं गाडी सरळ शहराकडं काढली.

डांबरीवर आल्यावर स्टिअरिंग जड झालं. खाली गिअर रडायला लागले.

"हब मोकळे करायला हवेत," ती म्हणाली.

"मी उतरत नाही." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. हात उबदार होता. "आणि तूही उतरू नको गं. राहू दे असंच."

मग ते तसेच गेले, सगळ्या वाटेनं गाडी रडवत. तिचे खांदे भरून आले. तो बोलत होता. चारुलता पाळण्यात कशी झोपायची, त्यांच्या पहिल्या घराच्या गच्चीवरून कुठला मिनार दिसायचा, तिनं एकदा साखरेऐवजी मीठ घालून केलेला शिरा त्यानं कसा गपचूप खाल्ला. सगळं खरं होतं. काही गोष्टी तर तीच विसरली होती. मेहदीपटणमला सिग्नलवर दोघं मोठ्यानं हसले तेव्हा शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. सुख म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर "तू बस, मी चहा टाकतो," म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. डबे कुठं आहेत, त्याला विचारावं लागलं नाही. ती सोफ्यावर टेकली. कोवळं ऊन आत आलं होतं. आतून आलं ठेचल्याचा आवाज येत होता, आणि तो गुणगुणत होता.

पर्समध्ये तिचा फोन वाजला. पडद्यावर हर्षवर्धनचं नाव होतं.

तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. गुणगुणणं चालूच होतं. तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो? कोण बोलतंय?" हर्षवर्धन होता. दम लागलेला, पण चिडलेला नाही. "हे बघा, हा माझ्या बायकोचा फोन आहे. गाडीत राहिला. आमची जीप तुम्हीच नेली ना, गंडीपेटहून?"

"अहो…" ती कशीबशी म्हणाली. "अहो, मी…"

"घाबरू नका. मी पोलिसात जाणार नाही. न्या तुम्ही जीप, आम्हाला नको आता ती." तो हसला, मोकळा, भरभरून. "तुम्ही गाडी हाणली तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं, त्रिवेणी आत आहे असं वाटलं मला. बघतो तर ही धुक्यातून चालत माझ्याकडंच येत होती. आता मस्त चालत निघालोय आम्ही दोघं. किती वर्षांनी एवढं बोलतोय, काय सांगू तुम्हाला."

त्याच्या मागून एक बाई बोलली. रेकॉर्डिंगमध्ये आपला स्वतःचा आवाज लागतो ना, ओळखीचा आणि तरी जरासा परका, तसा तो आवाज त्रिवेणीला लागला.

"अहो, ठेवा आता. थंडी किती वाजायलीय."

"आलो गं," तो तिकडं म्हणाला. मग फोनवर, अगदी अदबीनं, अनोळखी बाईशी बोलावं तसं, "बरं ठेवतो हं, ताई."

फोन बंद झाला. त्रिवेणी तो कानाशी धरून तशीच बसून राहिली. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं होतं. तो दोन कप घेऊन आला, एक तिच्या हातात दिला, आणि तिच्या अगदी बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"कोण होतं?"

"राँग नंबर," ती म्हणाली.

"बरं झालं." त्यानं चहाचा घोट घेतला आणि तिच्याकडं इतक्या मायेनं बघितलं की तिला रडूच आलं असतं. "आता इथंच राहायचंय आपल्याला. तेवढं एक मात्र सांग… त्रिवेणी तर तिकडं राहिली, तुला काय नावानं हाक मारायची?"