मुक्या सोमवारचा फोन

दिवेलागणीला वृषालीताईंच्या मोबाइलवर घंटी किणकिणली. पंचांग पाहून उपासतापासाची आठवण करून देणारं ‘व्रतसखी’ अ‍ॅप होतं ते. श्रावणी सोमवार, आता उपास सोडायला हरकत नव्हती. हा उपास त्या मुक्यानं सोडत. जेवताना तोंडून एक शब्द जरी निघाला तरी ताटावरून उठायचं, मग सकाळपर्यंत नुसतं पाणी.

पहिला घास हातात घेतला आणि फोन बोलायला लागला. वसुलीचे फोन अलीकडे उचलावे लागत नसत.

“नमस्कार मावशी! जेवताय ना? सावकाश होऊ द्या.” आवाज लाघवी, अगदी माणसासारखा, पण बोलत होतं वसुलीयंत्र. “अमेयचे थकलेले हप्ते आता तुमच्याकडे. मान्य नसेल तर तसं सांगा.”

अमेय त्यांचा भाचा. कर्ज काढताना ओळखीचं माणूस म्हणून त्यानं मावशीचा नंबर दिला होता. संबंध काय तो एवढाच. ‘पुरावा दाखवा’ असं ग्राहकानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, की लेखी पुरावा येईपर्यंत फोन बंद, असा कायदा होता. पण लागोपाठ तीन फोनांवर गप्प राहिलं तर देणं कबूल, ही मेखही त्यातच मारलेली. मागचे दोन्ही फोन सोमवारीच, ताटावर बसल्यावर आले होते. एरवी उलट फोन करावा, तर तो नंबरच लागत नसे. आज तिसरा. उद्यापासून पेन्शनीतून पैसे कापले जाणार.

सून तन्वी तडकली. “अरे मेल्या, आई जेवताना बोलत नाहीत! मी सांगते, दाखव पुरावा!”

“सूनबाई, हा आवाज मावशींचा नाही. मी थांबतो जरा. मावशी, भात गार होतोय.”

जन्मात वृषालीताईंनी कुणा परक्याला अरेतुरे केलं नव्हतं. सकाळपासून पोटात आग पडली होती, ती आता मस्तकात गेली. त्यांनी घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठल्या.

“पुरावा दाखव. आणि हेही सांग, या वेळी मी बोलत नाही हे तुला कळलं कुठून? माझं व्रत तुला कुणी विकलं?”

पलीकडे शांतता.

“आता दातखीळ बसली का रे? तुमच्याच कायद्यानं, गप्प म्हणजे कबूल ना?”

फोन बंद झाला. तन्वीनं पाण्याचं भांडं पुढं केलं. त्या घोट घेणार, तोच पडद्यावर पुन्हा तीच गोड घंटी किणकिणली.

व्रतसखी विचारत होती : आजचा उपास नीट सुटला ना?