हिरव्या पेल्याचं कार्ड

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

जपानमधलं सेंदाई शहर. नोव्हेंबर १९८३. मंगळवारची भर दुपार.

माझी मावसबहीण सुमिए भयकथांच्या एका मासिकात कामाला होती. प्रत्येक अंकात वाचकांसाठी एक छापील कार्ड असायचं. पुढे काय घडावं ते लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. तिकीटसुद्धा नको. सुमिए ती कार्डं वाचून लेखकांकडे धाडायची.

तेव्हा हिनुमा नावाच्या लेखकाची मालिका गाजत होती. सात वर्षांची मुलगी. सावत्र आईने अंथरुणांच्या कपाटात कोंडलेली. सरकत्या दाराला बाहेरून काठी अडकवलेली.

कार्डांचा नुसता पाऊस.

‘तिचं पाणी तोडा.’ ‘फटीतला उजेड बुजवा.’

खाली नाव, वय, काम. एक शाळामास्तरीण. एक पाववाला. दोन मुलांची आई. चांगली घरंदाज माणसं हो!

आणि त्या दुपारी गठ्ठ्यात एक कार्ड निघालं...

पेन्सिलीने लिहिलेलं. नाव नाही.

‘माझा हिरवा पेला नेऊ नका.’

पेला? कुठल्याच भागात पेला नव्हता. सुमिएने कार्ड खणात ठेवलं. कुणाला दाखवलं नाही.

आठ दिवसांनी हिनुमाकडून नव्या भागाचं हस्तलिखित आलं.

त्यात सावत्र आई मुलीचा हिरवा पेला काढून घेते...

या माणसाने घरात खरंच एखादी पोर कोंडली आहे, याबद्दल सुमिएला शंकाच उरली नाही. ती तडक त्याच्या घरी गेली.

“हिनुमासाहेब, कपाट उघडा.”

“काय झालं बाई? झडती घेताय की काय?”

“उघडा म्हणते ना!”

त्याने दार सरकवलं. आत गाद्या. उशा. बाकी काही नाही.

“मग पेला कुठून आला?”

“दिसला.” तो खाली बघत म्हणाला. “खरं सांगू? मी चार महिने काहीच रचलेलं नाही. कार्डं वाचतो, डोळे मिटतो, की ती दिसते. लोक मागतात तेच तिचं होतं.”

“मग सोडवा तिला. या महिन्यात.”

“वाचक खवळतील.”

“खवळू देत. लेकरू आहे ते!”

जानेवारीच्या अंकात काठी निघाली. दार उघडलं.

कार्डांची तीन पोती आली. ‘फसवणूक!’ ‘परत आत घाला.’ सुमिएने एकूण एक कार्ड वाचलं. सुटली, बरं झालं, असं म्हणणारं एकही नाही.

तळाशी पेन्सिलीचं एक कार्ड होतं...

‘दार उघडलं. बाहेर खूप माणसं उभी होती. वाट कुणीच दिली नाही. मी परत आत आले. आता दार मी आतून धरून ठेवलंय.’

सुमिएने नोकरी सोडली. परवा मी तिला विचारलं, “कुणी लिहिलं असेल गं?”



“कुणी लिहिलं ते राहू दे. चार महिने मीही पुढचा भाग सगळ्यांच्या आधी वाचायला धावत होते. त्या दारापाशी मी उभी होते का, तेवढं सांग.”



ती मालिका मीही वाचत होतो.