चंपीच्या गळ्यातला पट्टा

"काका, निदान आज तरी राहू द्या," तेजस्विनी म्हणाली.

गेणूकाकांनी ऐकलं नाही. मेलेल्या भुऱ्या कुत्र्याला पुरून आल्या आल्या त्यांनी त्याचा खिळ्यांचा पट्टा चंपीच्या गळ्यात आवळला. चंपी तेजस्विनीची भारी लाडकी कुत्री. "बिबट्या काय तेराव्याची वाट बघत बसणार हाय का? ऊस वस्तीला लागूनच हाय. खिळं असले की त्याला मान धरता येत न्हाई," काका म्हणाले.

भुऱ्याआधी हाच पट्टा राजाच्या गळ्यात होता. तोही असाच झुरून गेला. काकांच्या मते शेजारच्या सावळेरामनंच विष घातलं. बांधावरून दोघांचं हाडवैर होतं.

सुट्टीला वस्तीवर आलेल्या तिघांनी मग कंबर कसली. तेजस्विनी, तिचा भाऊ भरत आणि नारायणगावच्या किराणा दुकानदाराचा जिनेश आळीपाळीनं पहारा देऊ लागले. चंपीला खायला फक्त तेजस्विनी घालायची.

"आता सावळेरामाचा बाप आला तरी विष घालू शकणार न्हाई," भरत म्हणाला.

तरीही चंपीनं अन्न टाकलं. अंग तापलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली.

"खाणं तुझ्याच हातचं," जिनेश हळूच म्हणाला. "म्हणजे विष नाहीच. मग राजा, भुऱ्या आणि चंपी, तिघांत सारखं काय होतं?"

सगळ्यांची नजर पट्ट्यावर गेली. तो टोचू नये म्हणून आतून गोणपाट शिवलं होतं. भरतनं विळ्यानं शिवण उसवली, तर आत गोचिडांचा नुसता बुजबुजाट. जिनेशला ओकारी आली.

"दुकानातले किडे चालत्यात, हे न्हाई व्हय राव?" भरत म्हणाला, पण हसलं कुणीच नाही.

काकांना पटणार नाही म्हणून ते बाजाराला गेलेले पाहून तिघांनी चंपीला पोत्यात गुंडाळलं आणि जीपनं नारायणगाव गाठलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या कानातलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. "गोचीड ताप. गोचीड चावले आणि रक्तात जंतू गेले. उद्या आणली असती तर हाती लागली नसती."

इंजेक्शनं झाली, सलाईन झाली. चंपीनं पहिल्यांदा भाकरीचा तुकडा खाल्ला, तेव्हा काकांनी पोरांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! लई डोकं हाय तुमाला."

तेजस्विनीला आनंद झालाच नाही. "काका, भुऱ्यापण मान खाजवून खाजवून केकाटायचा," ती म्हणाली. "तुमी त्याला लाथ घातली व्हती. आन् आमी बघत बसलो."

"म्या सावळेरामावर उगंच आळ घेतला," काका म्हणाले. आणि तसेच ते त्याच्या घराकडं चालू लागले.