खपली

गारा सुरू झाल्या तेव्हा मी डोंगरातल्या कोचकोर गावाच्या रस्त्यावर लोकरीचं पोतं डोक्यावर धरून उभी होते. आडोशाला एक झाड नाही. एक जुना ट्रक पुढे गेला, थांबला, आणि मागे येत येत माझ्यापाशी आला.

"पोतं भिजतंय!" खिडकीतून एक जण ओरडला.

"आणि मी?"

"तू वाळशील. लोकर वाळायला आठवडा जातो."

राग यायला हवा होता... मी हसले. तो कुबात. वरच्या कुरणांवरून खालच्या गावांत लोकर आणि कातडी वाहायचा. टपावर गारा अशा वाजत होत्या की आम्ही एकमेकांचं नाव, गाव, कुणाचं कोण, सगळं ओरडूनच विचारलं. त्यानं खिशातून कुरुत काढला, वाळवलेल्या दह्याचे खारट, दगडासारखे गोळे. मी हात पुढे केला, तर तो माझ्या मनगटाकडेच बघत राहिला. बाहीवर रक्ताचा ठिपका होता.

"काय चावलं?"

"लोकरीतला गोचीड."

"रक्त गोड दिसतंय तुझं."

"चाखून तर बघ, दात पाडीन."

असं सुरू झालं. गोड सुरू झालं, पण खोट्यानं सुरू झालं, आणि ते मला तेव्हाच कळत होतं.

मला काही चावत नव्हतं. मीच. शाळेत असल्यापासून मी दंडावरची, मनगटावरची कातडी नखांनी खुडत आले. एखादा खडबडीत ठिपका बोटाला लागतो आणि बोट तिथून हलत नाही. तो निघाला की क्षणभर डोक्यातला सगळा गोंगाट बंद. मग रक्त, मग लाज, मग खपली, आणि खपली धरली की पुन्हा बोट. आई ओरडायची, "बेगिमाय, बोटंच छाटून टाकीन!" मुल्लानं फुंकर घातली. शेजारणीनं आर्चाच्या झाडाची फांदी जाळून धूर दिला. सगळ्यांचं म्हणणं एकच, सोडून दे ना! अरे, सुटत असतं तर मी सोडलं नसतं? भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची मला हौस होती?

त्या उन्हाळ्यात कुबातचा ट्रक वाट वाकडी करून आमच्या दारावरून जायचा. "पाणी मिळेल का?" म्हणायचा. मी म्हणायचे, "मागच्या गावात विहिरी आटल्या वाटतं." मग तो पाणी प्यायचा, हळूहळू, डोळे माझ्यावर ठेवून...

एकदा नदीकाठी त्यानंच माझी बाही वर सारली. खपल्यांवरून बोट फिरवलं. मग मनगटावर ओठ टेकवले, इतके अलगद की दुखलंच नाही.

"कुणी केलं?"

"मी."

"का?"

"माहीत नाही रे..."

"आता नाही करायचं. माझी शपथ."

मी शपथ घेतली. वेडी! शपथेनं कधी कुणाचा ताप उतरलाय?

त्यानंतर भेटलो की तो आधी हात मागायचा. उलटसुलट करून बघायचा. नवी खूण नसली की लाड, असली की अबोला. तो याला प्रेम म्हणायचा, आणि होतंही ते प्रेमच. मी खांदे खुडायला लागले. तिथं तो बघत नव्हता.

शेवटी मीच बिश्केकला गेले. कातडीच्या डॉक्टरनं मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. थकलेली बाई, समोरचा चहा गार झालेला. ती म्हणाली, "हा आजार आहे. तुझ्यासारख्या पुष्कळ येतात, आणि प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच." मी तिथंच हमसून रडले. कधी होतं, कुठं बसलेली असतेस, त्याच्या आधी मनात काय चाललेलं असतं, हे तिनं विचारलं. आजवर सगळ्यांनी नुसतं 'का' विचारलं होतं. मग तिनं सांगितलं, बोटांना दुसरं काम द्यायचं, अंगठ्यांना पट्टी गुंडाळायची, आणि चुकलं तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत.

"जाईल ना पण?"

"कमी होईल. परत येईल. परत कमी करू."

थंडीच्या तोंडावर कुबातची आई, सोनुन आपा, कानातली घेऊन येणार असं ठरलं. सासूनं मुलीच्या कानात ती घातली की बोलणं पक्कं. पण आधी तिनं मला नमदा, लोकर दाबून करतात तो जाड गालिचा, करायला बोलावलं. मुलगी कशी आहे ते नमद्यावर कळतं, असं आमच्या बायका मानतात. पुरुषांनी दोर ओढून ओल्या लोकरीची वळकटी फिरवली, मग आम्ही गुडघ्यांवर बसलो. साबणाचं कढत पाणी, आणि कोपरापर्यंतच्या उघड्या हातांनी दाबून दाबून लाटायचं.

"बाह्या वर कर गं, सूनबाई!" एक जणी म्हणाली. "का नवऱ्यासाठी झाकून ठेवल्यास?"

सगळ्या खिदळल्या. मी बाह्या वर केल्या.

खिदळणं थांबलं. साबण त्याच आठवड्यातल्या ताज्या जखमांत शिरला, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी लाटत राहिले.

"खरूज आहे का पोरी?" सोनुन आपानं हात मागे घेतला.

"नाही आपा. कुणाला लागत नाही. मीच खुडते. आजार आहे, उपचार चालू आहेत."

"स्वतःच?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि उद्या पोटचं पोर मांडीवर असलं की त्यालाही खुडशील?"

मी कुबातकडे बघितलं. तो दोर धरून उभा होता. एक शब्द हवा होता मला. कुठलाही.

"माझी शपथ घेतली होतीस," तो म्हणाला.

सोनुन आपा दुष्ट नव्हती. तिनं मला जेवू घातलं, मटणाचा चांगला तुकडा माझ्या ताटात वाढला. कानातली मात्र तिच्या खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी उपचारांसाठी बिश्केकला निघाले, तेव्हा तो गाडीतळावर आला.

"बरी होऊन ये. आई मऊ पडेल. मी वाट बघतो."

"नको बघूस."

"प्रेम नाही तुझं?"

"आहे. म्हणून तर तुला हात कोरे दाखवायला खांदे सोलले मी."

तो पांढराफटक पडला. "खांदे...?"

"वाट बघणारा रोज तपासतो, कुबात. मला बरं व्हायचंय. परीक्षा नाही द्यायची."

"मग मी काय करू?" त्यानं खरंच विचारलं, लहान मुलासारखं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवेपर्यंत आम्ही एकमेकांची बोटं धरून उभे होतो. मग मीच सोडली.

गाडी बोओमच्या खिंडीत शिरली. मी लाज न बाळगता मोठ्यानं रडले. रडता रडता बोट खांद्यावर गेलं आणि एक खपली निघाली. एकच. मी रुमालानं ती जागा दाबली, हात मांडीवर आणून ठेवला.

स्वतःला शिवी दिली नाही.