तीन दुकानं, एकच माप

जुन्या कपड्यांतून संध्याकाळच्या समारंभाचा झगमगीत पोशाख उभा करायचा, तर त्या भागात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाच्या आईचं मखमली जाकीट, कुणाच्या घरातला साटीनचा पडदा, कुठल्याशा गाऊनचे मणी, सगळं तिच्या मशीनखालून गेलं की असं काही बाहेर यायचं, की घालणारीनं आरशात दोनदा बघावं. "कुठून आणलंस गं?" असं कुणी विचारलं तर सांगायचं नाही, एवढीच तिची अट. बाई तोंडाची फटकळ, पण कामात चोख.

तिच्या भाचीला सगळे भिंगरी म्हणत. भाऊ-वहिनी गेल्यापासून पोर आत्याकडेच वाढली. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. आत्या वैतागायची, "अगं, माप घेतेय मी तुझं, की कोंबडी पकडतेय?"

भिंगरी दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारायची. तिचा आवाज ऐकून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या संघटनेच्या मेजवानीचं सूत्रसंचालन तिला देऊ केलं होतं. महिनाभरानं येणाऱ्या शनिवारची संध्याकाळ, मोठं सभागृह, समोर पाचशे माणसं. ही एक संध्याकाळ निभावली तर पुढे अशीच कामं मिळणार होती. पोरीनं तर त्या दिवसापासून आरशासमोर "नमस्कार रसिकहो"चा धोशा लावला होता.

मग आत्या बाजार धुंडाळायला लागली. काळं मखमली जाकीट मिळालं मंगळवारच्या जुन्या बाजारात, गाठोडेवालीकडे. ही तिची जुनी मैत्रीण, फुटपाथवर गाठोडी सोडून बसायची. पुढच्या आठवड्यात वाइन रंगाचा साटीनचा स्कर्ट मिळाला, तो पार दुसऱ्या टोकाला, अनाथाश्रमाच्या मदतीसाठी चालवलेल्या दुकानात. आणि मण्यांच्या बाह्यांचा राखाडी रेशमी ब्लाउज मिळाला बंद पडलेल्या एका नाटक कंपनीच्या सामानात. तिन्ही एकत्र टेबलावर टाकले तेव्हा आत्या स्वतःवरच खूश झाली. असे रंग जुळायला नशीब लागतं.

आता आत्याची एक पद्धत होती. जुना कपडा आला की आधी तो आतून उलटा करून वाचायचा. कुठे सैल केलाय, कुठे आवळलाय, कुठली शिवण दोनदा मारलीय. कपडा उसवला की त्यातलं माणूस कळतं, असं ती म्हणायची. बुधवारी दुपारी तिनं जाकीट उलटं केलं. डाव्या खांद्यात कापसाची गादी दुहेरी, उजव्यात एकेरी. म्हणजे बाईचा डावा खांदा उतरलेला. ब्लाउजही तसाच, डावीकडे बोटभर जास्त भरलेला. स्कर्टचा घेर उजवीकडे बोटभर लांब, कारण उतरल्या खांद्याच्या बाईची दुसऱ्या बाजूची कंबर वर चढते.

आत्यानं चष्मा पुसला. तिन्ही कपड्यांतले हाताचे टाके उलट्या बाजूला कललेले होते, डावखुऱ्या माणसाचे. तीन दुकानं, तीन आठवडे, आणि एकच अंग, एकच हात. शिवाय तिन्हींच्या कडांना पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके अजून तसेच होते. कपडे कधी पुरे झालेलेच नव्हते. जुन्या कपड्यांना पेटीचा कुबट वास असतो. यांना मशीनच्या ताज्या तेलाचा वास येत होता.

"असेल बाई, कुणीतरी एकाच घरातून विकले असतील," ती स्वतःशीच म्हणाली. काम पुढ्यात होतं, आणि वेळ थोडा. तिनं जादा गाद्या काढल्या, घेर सारखा केला आणि भिंगरीच्या मापाचे नवे कच्चे टाके घातले.

गुरुवारी चार वाजता भिंगरी कपडे घालून स्टुलावर उभी राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. आत्या खाली बसून स्कर्टच्या काठाला टाचण्या लावत होती. अर्धा काठ झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, पोर हललेलीच नाही. ना चुळबुळ, ना बडबड.

"आत्या..." भिंगरी अगदी हळू म्हणाली. "टेप किती गार आहे गं."

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. टेप तिच्या स्वतःच्या गळ्यात लटकत होती. तिनं टाचण्या हातात घेतल्या.

"कुठली टेप?"

"ही काय, पाठीवरून... तूच म्हणालीस ना, उभीच आहेस तर तुझंही माप घेते... हलू नकोस म्हणून..."

"मी इथे खाली बसलेय, बाळ."

भिंगरीनं मान खाली घातली. आत्या तिच्या पायाशी दिसली, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्यानं वर पाहिलं. पोरीचा डावा खांदा उतरला होता, आणि मागे नुसती भिंत होती.

आत्यानं ते कपडे तिच्या अंगावरून अक्षरशः ओरबाडून काढले. एक टाचणी तिच्या स्वतःच्या अंगठ्यात घुसली, तेही तिला नंतर कळलं. "हे तू घालायचं नाहीस. संपलं."

"आणि परवा काय घालू? दवाखान्याचा कोट?" भिंगरी रडायला लागली. "मला भास झाला असेल आत्या... एवढी संधी आलीय..."

"भास असो नाहीतर काही असो. मी दुसरं करून देते. मी आहे ना?"

आणि तिनं केलं. एका गिऱ्हाइकानं न नेलेला निळा गाऊन होता, त्याला जुन्या कोटाच्या केशरी अस्तराचा पट्टा आणि बाह्या. शुक्रवारी दुपारपर्यंत पोशाख तयार. घाईचा होता, पण पोरीवर खुलला. ती घालून चार गिरक्या मारून आली, तेव्हा आत्याच्या जिवात जीव आला.

राहिले ते तीन कपडे. भिंगरी दवाखान्यात गेल्यावर आत्या त्यांच्यासमोर बसली. फेकावेत तर हात होईना. कापड उत्तम, आणि ज्या कुणी शिवले त्या हाताची कारागिरी तिच्याहून वरचढ होती, हे तिला मान्य करावंच लागलं. काढलेल्या गाद्या तिनं परत बसवल्या, घेर होता तसा केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं जाकिटात हात घातला.

ते तिला बसलं. नुसतं बसलं नाही, अंगाला मिळालं. दुहेरी गादी तिच्या डाव्या खांद्याच्या खळग्यात नेमकी टेकली. चाळीस वर्षं मशीनवर डाव्या हातानं कापड सारून सारून तो खांदा उतरला होता. अख्ख्या भागाची मापं तिच्या वहीत होती, पण स्वतःचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती आधीच्या कपड्यावरून अंदाजे बेतायची. शिवणींतून वाचलेलं ते अंग तिचंच होतं, आणि तिला ओळखू आलं नव्हतं.

ती घाबरली, यात वादच नाही. पण खरं सांगायचं तर तिला रडूही आलं. जन्मभर तिनं दुसऱ्यांसाठी शिवलं, तिच्यासाठी कुणी एक बटणसुद्धा लावलं नव्हतं. आणि इथे कुणीतरी तिच्या वाकड्या खांद्याला कापूस भरला होता, इतक्या मायेनं. शिवाय एक गोष्ट पक्की झाली. हे जे काही होतं ते तिच्यासाठी होतं, पोरीसाठी नव्हतं. मग येऊ दे, तिनं ठरवलं. माझ्याकडे येऊ दे.

शनिवारी ती तेच तिन्ही कपडे घालून सभागृहात गेली. भिंगरीनं दारातच तोंडावर हात ठेवला. "आत्या, अगं... काय दिसतेस तू!" आत्यानं तिला रागावूनच आत पिटाळलं.

ती शेवटच्या रांगेत बसली. भिंगरी रंगमंचावर इकडून तिकडे भिरभिरत होती, लोक हसत होते, टाळ्या पडत होत्या. आत्याला मात्र दोन तास पाठीमागे स्कर्टच्या काठाशी बारीक ओढ जाणवत होती, टाक्यामागून टाका. ती हलली नाही. माझ्यापाशीच राहा, एवढंच मनात म्हणत राहिली. घरी येऊन बघितलं तर अर्ध्या काठाचे कच्चे टाके गेले होते आणि तिथे पक्की शिलाई होती. आत्यानं पोशाख कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि पोरीला काही सांगितलं नाही. भिंगरीला दुसऱ्याच दिवशी आणखी एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं. घरात इतका आनंद खूप दिवसांनी आला होता.

मंगळवारी आत्या बाजारात गेली. गाठोडेवालीनं वरचंच एक जाकीट झटकून पुढे केलं. "हे बघ, तुझ्याच कामाचं. आज सकाळी गाठोड्यात सापडलं, कधी घेतलं आठवत नाही बाई."

हिरवं रेशमी जाकीट, कोरं, नेटकं. कुठेही काही अर्धवट नाही, फक्त शेवटचं बटण लावायचं होतं. आत्यानं फुटपाथवरच टेप लावली. पाठ, छाती, बाही. टेपेवरचे आकडे तिला पाठ होते, ते भिंगरीचे होते.

तिनं दवाखान्यात फोन लावला. मागे पेशंटांची कुजबुज ऐकू येत होती, पण नाव कुणीच पुकारत नव्हतं.

"भिंगरे? कुठे आहेस?"

"इथेच आहे की..." पोरीचा आवाज अगदी हळू होता. "उभी आहे... आता शेवटचंच राहिलंय ना... तूच म्हणालीस, हलू नकोस..."

"भिंगरे, मी बाजारात आहे! ऐकतेस ना? पळ तिथून, बाहेर ये..."

 आत्यानं हातातल्या जाकिटाकडे बघितलं. शेवटचं बटण जागेवर होतं. त्यातून निघालेला दोरा अजून तोडलेला नव्हता. तो हवेत ताठ ताणलेला होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच दिसत नव्हतं.